वळवाची वादळं, विजा आणि त्यांचा माग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात, ते जूनपर्यंत थांबत नाहीत. ऑक्टोबरात पुन्हा एक फेरी होते. कुणी बांधावरून फोन करतं, कुणी शाळेच्या स्टाफरूममधून, तर कुणी द्राक्षबागेतून आभाळाचा फोटो पाठवून विचारतं, "हे आपल्याकडं येणार का?" गावोगाव विजेपासून बचावाच्या बैठका घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वळीव, अवकाळी आणि मान्सून यांत फरक काय? पाऊस तो पाऊसच ना?

पडणारं पाणी तेच, पण ढग वेगळे. मान्सूनचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या सलग ओलसर वाऱ्याचा असतो. तो दिवसचे दिवस आणि शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. वळीव म्हणजे मार्च ते मेच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ढगांचा पाऊस. तो सोबत वारा, वीज आणि कधी गारा घेऊन येतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात निघून जातो. हंगाम सोडून कधीही आलेल्या पावसाला आपण अवकाळी म्हणतो. हरभरा, गहू काढणीला आलेला असताना फेब्रुवारीत येतो तो हा. परतीच्या दिवसांत, हस्त नक्षत्राच्या सुमाराला पडणाऱ्या पावसालाही असाच गडगडाट असतो. या पानावर लिहिलं आहे ते या गडगडाटी ढगांबद्दल.

२. ढगात वीज तयार होते कशी?

त्यासाठी ढग खूप उंच वाढावा लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडे साधारण ४ ते ५ किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली जातं. त्याच्याही वर, १२ ते १५ किलोमीटरपर्यंत ढगाचा माथा पोचला की आत बर्फाचे बारीक स्फटिक, अतिथंड पाण्याचे थेंब आणि मऊ गारांचे दाणे असा सगळा कालवा होतो. वर जाणारी हवा हलके स्फटिक उचलून नेते आणि जड दाणे खाली येत राहतात. या दोहोंच्या टकरांत विद्युतभार वाटला जातो. ढगाचा वरचा भाग धन होतो आणि मधला-खालचा भाग मुख्यतः ऋण. फरक हवेला पेलवेनासा झाला की वीज कडाडते. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट हे तापमान आहे. ती हवा स्फोटासारखी फाकते आणि तोच आपला गडगडाट.

ऐन जुलै-ऑगस्टात धो धो पाऊस पडूनही वीज कमी का, याचं उत्तरही इथेच आहे. त्या ढगांत वर चढणाऱ्या हवेचा जोर कमी असतो, त्यामुळे बर्फाचा हा खेळ तितका रंगत नाही.

३. वळीव दुपारनंतरच का येतो?

जमीन तापायला वेळ लागतो. सकाळी वरची हवा झाकणासारखी बसलेली असते. दुपारी दोन-तीनपर्यंत खालची हवा इतकी तापते की झाकण फुटतं. पण नुसतं ऊन पुरत नाही. ओलावा हवा आणि ढकलणारं काहीतरी हवं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्राकडून येणारे वारे एकमेकांना भेटतात. हवामान खात्याच्या बातमीपत्रात 'विदर्भापासून दक्षिणेकडे द्रोणीय रेषा' (म्हणजे हवेच्या कमी दाबाचा लांबट पट्टा) असं वाचलंत की समजा, हा ढकलणारा हात हजर आहे.

तरीही दुपारचा नियम पक्का नाही. छत्तीसगड-मध्य प्रदेशात संध्याकाळी उभी राहिलेली वादळांची रांग पूर्व विदर्भात रात्री येऊन धडकू शकते. रात्री उघड्यावर, खळ्यात झोपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

४. एक वादळ किती वेळ टिकतं?

एकटा ढग असेल तर अर्धा ते एक तास. आधी तो वाढतो, मग ऐन भरात येतो आणि पाऊस पडू लागला की त्याच पावसानं गार झालेली हवा खाली कोसळून त्याचा पाया कापते. पण ही गार हवा जमिनीवरून पुढे पसरते आणि पुढची गरम हवा उचलून नवा ढग उभा करते. म्हणून 'एक गेला, दुसरा आला' असं तीन-चार तास चालू शकतं. तुमच्या अंगाला लागणारी पहिली गार झुळूक ही त्या पुढे धावणाऱ्या हवेचीच. लिंबाची पानं उलटी होऊन पांढरी दिसायला लागतात, मातीचा वास येतो आणि मग झुळूक येते. हा क्रम लक्षात ठेवा. झुळूक आली म्हणजे ढग जवळ आहे आणि आता आवराआवर नाही, आडोसा.

५. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं सांगतात आणि आमच्याकडे थेंबही पडत नाही. अंदाज चुकला असंच ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि राग समजण्यासारखा आहे. पण हे शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे साधारण २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ आणि त्यापुढे 'बहुतेक ठिकाणी'. म्हणजे तुरळक पाऊस सांगितला असताना दर चार गावांपैकी तीन किंवा जास्त गावं कोरडी राहिली, तर अंदाज बरोबर आला.

पण विजेच्या बाबतीत एक गोष्ट मी दर बैठकीत सांगतो. पाऊस तुरळक असला म्हणजे धोका किरकोळ असं नाही. जिच्या शेतात वीज पडते, तिच्यासाठी 'तुरळक' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तुरळक पावसाच्या दिवशी लोक शेतात काम करत असतात. सर्वदूर पावसाच्या दिवशी ते घरातच असतात.

६. पिवळा, नारंगी, लाल: यातलं कधी घाबरायचं?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. वीज पिवळ्या इशाऱ्यातही पडते. रंग हा एकूण परिणामाचा अंदाज असतो. तुमच्या डोक्यावरच्या ढगाची ताकद तो सांगत नाही.

७. विज्ञान इतकं पुढे गेलं, मग 'अमुक गावात चार वाजता वादळ' असं आदल्या दिवशी का सांगत नाहीत?

कारण आदल्या दिवशी ते वादळ अस्तित्वातच नसतं. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि ते समुद्रावर दिवसचे दिवस दिसतं. वळवाचा ढग मात्र पाच-दहा किलोमीटर रुंदीचा. तो कुठल्या टेकडीवर, कुठल्या ओल्या शिवारावर फुटेल हे हवेच्या बारीक फरकांवर ठरतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही अंदाजाची पद्धत ६ किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करते आणि तिच्या जातीत ही बारीक चौकट आहे. तरीही एक अख्खा ढग तिच्या एक-दोन चौकटींत मावून जातो.

म्हणून काम दोन टप्प्यांत चालतं, आणि हा फरक कळला की निम्मे प्रश्न सुटतात. पहिला टप्पा अंदाजाचा. मुंबई, नागपूर, गोवा अशा केंद्रांवरून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला फुगे सोडतात, ते वरच्या हवेचं तापमान आणि ओलावा सांगतात. त्यावरून आणि संगणकी गणितावरून 'आज या जिल्ह्यांत वादळाला हवा अनुकूल आहे' एवढं कळतं. दुसरा टप्पा मागाचा. ढग एकदा उभा राहिला की रडार, उपग्रह आणि वीज टिपणारी यंत्रं त्याच्या मागे लागतात आणि पुढच्या तीन तासांपर्यंतचा तातडीचा इशारा निघतो. त्याला 'नाऊकास्ट' म्हणतात. 'पुढील तीन तासांत मेघगर्जना, विजांचा कडकडाट व सोसाट्याचा वारा' असा जो मेसेज येतो तो हाच.

सकाळच्या अंदाजावरून दिवसाची आखणी करा आणि दुपारच्या नाऊकास्टवरून पाय हलवा. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात येतं. मागामुळे आपल्या हातात वीस-तीस मिनिटं येतात. कुठे जायचं हे त्या वीस मिनिटांत ठरवायला बसलो तर ती वाया जातात. ते सकाळीच ठरलेलं हवं.

८. रडारचं चित्र बघायचं कसं? नुसते रंगीत डाग दिसतात.

रडार रेडिओलहरी सोडतं. त्या थेंबांवर, गारांवर आपटून परततात आणि किती जोरानं परतल्या त्यावर रंग ठरतो. हिरवा-निळा म्हणजे हलका पाऊस, पिवळा-नारंगी म्हणजे जोराचा. लाल किंवा जांभळट ठिपका म्हणजे थेंब फार मोठे आहेत किंवा आत गारा आहेत. आकड्यात सांगायचं तर ५५ डीबीझेडच्या पुढे गारांची शंका घ्यावी (डीबीझेड म्हणजे परतलेल्या लहरीचा जोर मोजायचं एकक).

एकच चित्र पाहू नका, आधीची तीन-चार चित्रं ओळीनं पाहा. समजा लाल ठिपका अर्ध्या तासात पंधरा किलोमीटर पूर्वेला सरकला. म्हणजे तो ताशी तीसच्या वेगानं चालला आहे. तुमचं गाव त्याच रेषेत पुढे तीस किलोमीटरवर असेल तर तासभर आहे. त्या तासात तो विझेल किंवा वळेलही, पण तुम्ही तयार असाल. डॉप्लर रडारला आणखी एक गोष्ट कळते. थेंब रडारकडे येत आहेत की दूर चालले आहेत, यावरून ढगाच्या आतला वारा कळतो.

९. रडारवर आमच्याकडे काहीच नव्हतं आणि इथे झोडपून काढलं. असं का?

कारण पृथ्वी गोल आहे आणि रडारची लहर सरळ जाते. अर्धा अंश वर रोखलेली लहर २०० किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटर वर गेलेली असते. त्याखाली काय चाललंय ते तिला दिसत नाही. शिवाय सह्याद्री आड येतो. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे, तसंच नागपूर आणि गोव्यात रडार आहेत. या केंद्रांपासून लांब असलेल्या तालुक्यांना चित्र धूसर मिळतं. मधल्या जागा भरून काढणं ही माझ्या मते राज्याची खरी गरज आहे. शेतकऱ्याला अजून एक ॲप देण्यापेक्षा त्याच्या शिवारावरचा ढग खालपासून दिसणं महत्त्वाचं.

उलटही होतं. रडारवर पाऊस दिसतो पण जमिनीवर थेंब नसतो. मेच्या कोरड्या हवेत पाऊस वाटेतच वाळतो. असा 'न पडलेला' पाऊस धोकादायक का असतो, ते प्रश्न २० मध्ये आहे.

१०. मग उपग्रह कशाला?

रडार जिथे पोचत नाही तिथे आणि ढग पावसाळी होण्याआधी. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस वरून ढगांचे माथे बघतात. माथा झपाट्यानं थंड होत चालला, म्हणजे ढग झपाट्यानं उंच होतोय. ही पहिली खूण.

११. 'दामिनी' ॲपला वीज कुठे पडली हे कळतं कसं?

वीज चमकते तेव्हा रेडिओलहरीही फेकते. रेडिओवर खरखर ऐकू येते ती त्याचीच. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, देशभर ही लहर टिपणारे सेन्सर बसवले आहेत. त्यांची संख्या ऐंशीच्या वर आहे. एकच लहर वेगवेगळ्या सेन्सरवर सेकंदाच्या अगदी सूक्ष्म फरकानं पोचते. त्या फरकावरून वीज कुठे चमकली ते काढतात. हीच माहिती दामिनी ॲपवर येते. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा चमकत असतील तर इशारा मिळतो.

१२. दामिनी सारखं वाजतं आणि काही होत नाही. उलट एकदा वाजलंच नाही. मग ठेवायचं कशाला?

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. २० किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे बाराशेच्या वर चौरस किलोमीटर. त्यातल्या एखाद्या कोपऱ्यात वीज चमकली तरी इशारा येतो. तो 'तुमच्यावर पडेल' असं सांगत नाही. 'ढग टप्प्यात आला' एवढंच सांगतो.

न वाजण्याची कारणं बहुतेक वेळा फोनमध्येच सापडतात. लोकेशन बंद असतं, नेट नसतं, किंवा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगनं ॲप झोपवलेलं असतं. या तीन गोष्टी मार्च महिन्यातच तपासा. आणखी एक अडचण म्हणजे पहिली वीज. डोक्यावरच वाढलेल्या ढगाची पहिलीच वीज खाली आली, तर आधी नोंद कशाची असणार? म्हणून ॲपबरोबर डोळे आणि कान हवेत. सोबत हवामान खात्याचं 'मौसम', शेतीसाठी 'मेघदूत' आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ही ॲप असली तर चांगलंच.

१३. शेतात रेंजच नाही. मग काय करायचं?

मोजायचं. वीज दिसली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं सावकाश म्हणत गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तीस किंवा कमी आले की काम सोडून आडोसा गाठा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुढची तीस मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून विळा उचलून निघालेल्या माणसावर वीज पडते ती या अर्ध्या तासात.

सेकंद कमी होत चालले असतील तर ढग येतोय, वाढत असतील तर जातोय. आमच्याकडची पोरं आता हे ओसरीत बसून खेळासारखं मोजतात आणि आजीला सांगतात. मला ते फार आवडतं.

१४. आमच्यावर ऊन होतं, पाऊस तर नव्हताच, तरी वीज पडली. हे कसं शक्य आहे?

वीज ढगाच्या तळातूनच उतरते असं नाही. ती ढगाच्या माथ्याकडून निघून आडवी जाऊन दहा किलोमीटर किंवा त्याहून लांबही जमिनीवर उतरू शकते. तिथे डोक्यावर निळं आभाळ असू शकतं. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण माणसांसाठी ठीक आहे, ढगांना लावू नका. गर्जना ऐकू आली याचा अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात.

१५. शेतात अडकलो, जवळ घर नाही. झाडाखाली उभं राहावं का?

नाही. एकट्या झाडाखाली तर नाहीच. आमच्या शिवारात एका बाभळीखाली चार शेळ्या गेल्या. राखणारा पोरगा वीस पावलांवर चिंचा वेचत होता म्हणून वाचला. त्या बाभळीच्या खोडावर शेंड्यापासून मुळापर्यंत हातभर रुंद सोललेली पट्टी आजही दिसते. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते.

भिंती आणि छत असलेलं पक्कं घर किंवा बंद चारचाकी हीच खरी सुरक्षित जागा. तिथे चालत पोचता येत असेल तर चालत राहा. उंचवटा, विहिरीचा कठडा, तारेचं कुंपण, विजेचा खांब आणि मोटारीची पेटी यांच्यापासून दूर राहा. ठिबकच्या नळ्या हातातून टाका. घोळक्यानं असाल तर पांगा. काहीच उपाय नसेल, अंगावरचे केस उभे राहू लागले, त्वचेला मुंग्या आल्या, तर पाय जोडून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत घाला, कान झाका. झोपू मात्र नका. पाय जोडण्याचं कारण असं की जमिनीतून जाणारा प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. पायांतलं अंतर जितकं कमी तितका धक्का कमी. उकिडवं बसणं हा शेवटचा उपाय आहे, आडोशाची जागा तो घेत नाही.

१६. एकाच विजेत गोठ्यातली चार-पाच जनावरं जातात आणि शेजारी माणूस वाचतो. असं का?

वर सांगितलेलं पायांतलं अंतर हेच कारण. गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर असतं आणि मध्ये हृदय येतं. नाऊकास्ट आला की जनावरं झाडाच्या दावणीवरून सोडा. लोखंडी साखळी किंवा तारेच्या कुंपणाला बांधून ठेवू नका. ढग डोक्यावर आल्यावर जनावरं आणायला मात्र कुणी धावू नये. कितीतरी माणसं त्या धावपळीत गेली आहेत.

१७. पत्र्याचं शेड, ट्रॅक्टर, देवळाचा मंडप, बसथांबा: यातलं काय चालेल?

काचा वर केलेली कार, जीप, एसटी चालेल. वीज पत्र्याच्या बाहेरच्या अंगानं जमिनीत जाते. टायर रबरी आहेत म्हणून आपण वाचतो हा गैरसमज आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलगाडी नाही. चारी बाजूंनी उघडं शेड, उघडा सभामंडप, बसथांबा पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. पक्क्या घरातही वादळ चालू असताना नळाखाली अंघोळ, चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावणं, खिडकीचे गज धरून बघत राहणं टाळा. टीव्हीची पिन आधीच काढा, कडाडायला लागल्यावर नाही.

१८. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. मोबाईलनं ओढली जाते म्हणतात. खरं काय?

पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेलं मूल. वीज कुणाचा जन्म बघून पडत नाही. ती उंच, टोकदार आणि एकट्या वस्तूकडे जाते. या समजुतीचा त्रास असा की पायाळू मुलीला वादळात कोपऱ्यात बसवतात आणि बाकीचे बिनधास्त अंगणात फिरतात. मोबाईल वीज ओढत नाही. उघड्या माळावर उभं राहून बोलणं धोक्याचं आहे, ते माळामुळे. रबरी चप्पलही वाचवत नाही. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला अर्धा इंच रबर काय अडवणार?

१९. ग्रामपंचायतीनं एक वीज अटकाव यंत्र बसवलं तर सगळं गाव सुरक्षित होईल का?

नाही. यंत्र त्या इमारतीला आणि तिच्या अगदी जवळच्या जागेला वाचवतं. एका खांबानं अख्खं शिवार झाकलं जातं असं विक्रेता सांगत असेल, तर आयएस/आयईसी ६२३०५ या मानकाप्रमाणे हिशोब मागा. आणि खाली पुरलेलं अर्थिंग दरवर्षी तपासा. तार तुटलेली असेल किंवा तांब्याची पट्टी चोरीला गेली असेल, तर ते यंत्र नसल्यासारखंच. शाळेवर आधी बसवा, असं मी म्हणेन.

२०. पाऊस नाही, वीजही फारशी नाही, नुसता वारा सुटला. तेही वादळच का?

हो, आणि कधीकधी सगळ्यात वाईट. कोरड्या हवेत पाऊस वाटेत वाळतो तेव्हा हवा गार आणि जड होते. ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत दुपारी धुळीचं वादळ आलं. घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोलपंपावर प्रचंड होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ते होर्डिंग वाऱ्यानं पाडलं हे खरं, पण ते तिथे त्या आकारात उभं होतं म्हणून माणसं मेली. अंदाज कितीही सुधारला तरी सैल पत्रे, वाळलेल्या फांद्या, वाकलेले खांब मार्चच्या आधी आपल्यालाच बघावे लागतात.

२१. गारपीट आधी कळते का? गारा फोडणाऱ्या तोफा घ्याव्यात का?

अनुकूलता एक-दोन दिवस आधी कळते, नेमकं गाव मात्र अर्धा-एक तास आधी, रडारवरून. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्रात दिवसचे दिवस गारा पडल्या. द्राक्ष, डाळिंब, गहू, हरभरा झोपला. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको.

तोफांच्या आवाजानं गारा विरतात याला शास्त्रीय आधार नाही. त्या पैशात बागेवर जाळी होते आणि जाळीचा उपयोग डोळ्यांना दिसतो. कांदा-धान्य उघड्यावर असेल तर ताडपत्री आणि दोर ढिगाशेजारीच ठेवा, घराच्या माळ्यावर नको.

२२. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो का?

नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. या एका भीतीपायी वाचू शकणारी माणसं गेली आहेत. श्वास किंवा हृदय थांबलं असेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाब द्या, मिनिटाला १०० ते १२०, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. अनेकांना लागलं असेल तर आधी निपचित पडलेल्याकडे जा. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे. अंगावर माती टाकणं, शेणात पुरणं यांत हातची मिनिटं जातात. हे सगळं करण्याआधी आणखी वीज पडण्याचा धोका बघून माणसाला आडोशाला हलवा.

२३. हे सगळं तापमानवाढीमुळे वाढलंय का?

हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि बाष्प हेच वादळाचं इंधन. पण एखाद्या विशिष्ट वादळाकडे बोट दाखवून 'हे त्यामुळेच' असं म्हणता येत नाही. देशात २०२२ मध्ये २,८८७ माणसं विजेनं गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यातले बहुतेक उघड्यावर काम करणारे होते. तापमान कधी उतरेल ते उतरो, हा आकडा आजही कमी करता येतो.

२४. वीज पडून माणूस किंवा जनावर गेलं तर मदत मिळते का?

मिळते. महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूला वारसांना चार लाख रुपये दिले जातात. जनावरांसाठी २०२२ च्या निकषांप्रमाणे दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत, ठरावीक संख्येपर्यंत. तलाठ्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या, शवविच्छेदन टाळू नका. दुःखात ही गोष्ट राहून जाते आणि मग कागद अडतात. शेजाऱ्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावं. जनावर पुरण्याआधी फोटो काढा.

२५. आमच्या नोंदींचा अंदाज सुधारायला काही उपयोग होतो का?

खूप होतो. रडारला गारा 'असतील' असं वाटतं. त्या पडल्या का, हे फक्त जमिनीवरचा माणूस सांगू शकतो. हवामान खात्यानं लोकांकडून अशा नोंदी ऑनलाइन घेण्याची सोय केली आहे. वहीतही लिहून ठेवा. घड्याळातली वेळ, ढग कुठल्या दिशेनं आला, वीज आणि आवाज यांत किती सेकंद होते, वारा किती वेळ टिकला, फांदी मोडली की झाड उन्मळलं. गारांचा आकार हरभरा, बोर, लिंबू असा लिहिला तरी चालतो, पण शेजारी नाणं ठेवून फोटो काढला तर उत्तम. 'काहीच झालं नाही' हीसुद्धा नोंद आहे. इशारा होता आणि ढग बाजूनं गेला, तर तेही तारीख-वेळेसह लिहा. फोटो काढताना गार वेचायला मात्र शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटांनीच बाहेर या.